मोटारींचें माहेर

इटलीच्या यात्रेस निघालेला मनुष्य रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस हीं तीन शहरें पाहिलीं म्हणजे बहुधा कृतार्थ होतो. उत्तरेकडील तुरीन त्याच्या टिपणांत सहसा नसतें. आम्ही मात्र तेथें तीन दिवस मुद्दाम राहिलों. ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें मुंबईच्या तीन पिढ्यांस स्टेशनावरून घरीं आणि घरून इस्पितळांत पोंचविलें, तिचें माहेर हें शहर होय, आणि लेकीच्या माहेराविषयीं कुतूहल असणें स्वाभाविक आहे.

तुरीन हें पो नदीच्या कांठीं वसलें आहे. हवा स्वच्छ असली कीं पश्चिमेस व उत्तरेस आल्प्सचीं हिमशिखरें दिसतात. रस्ते रोमन आंखणीचे, सरळ व काटकोनांत छेदणारे. मुख्य रस्त्यांच्या दोहों बाजूंस कमानींच्या लांबच लांब पडव्या, त्यामुळें पावसांतही छत्रीवांचून हिंडतां येतें. १८६१ सालीं एक झालेल्या इटलीची ही पहिली राजधानी. १८६५ सालीं राजधानी येथून हलली. पुढें १८९९ सालीं येथें फियाट कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या नांवाच्या अखेरच्या अक्षरांत या शहराचें नांव कायमचें गोंविलें गेलें.

शहराच्या दक्षिण भागांत लिंगोत्तो नांवाचा फियाटचा जुना कारखाना आहे. १९२३ सालीं तो सुरू झाला. इमारत पांच मजल्यांची व सुमारें अर्धा किलोमीटर लांब. कच्चा माल तळमजल्यावर येई. एकेक संस्कार होत होत मोटार मजले चढे, आणि पूर्ण झाली म्हणजे थेट गच्चीवर निघून तेथल्या धांवपट्टीवर तिची परीक्षा होई. ही धांवपट्टी एक किलोमीटरहून अधिक लांब असून तिचीं वळणें परातीच्या कांठासारखीं वर उचललेलीं आहेत. कारखाना १९८२ सालीं बंद झाला. आज खालीं दुकानें व चित्रशाळा आहेत, आणि २०२१ पासून गच्चीवर हजारों रोपांची बाग आहे. आम्ही तिच्यांतून सावकाश फेरी मारली. ही सारी योजना मुळांत अमेरिकेची होती. डेट्रॉईटजवळ हायलंड पार्क येथें हेन्री फोर्ड यांनीं १९१३ सालीं सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्याची रीत बसविली, आणि फियाटचे चालक जोव्हान्नी आन्येल्ली यांनीं ती उचलली. मात्र मोटारीस गच्चीवर धांवडविण्याची कल्पना तुरीनची स्वतःची होती.

येथून जवळच, नदीच्या बाजूस, राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. तेथें मोटारींच्या रांगांमधून हिंडतांना आमच्या मनांत एकच प्रश्न घोळत होता : या शहरानें अमेरिकेपासून काय घेतलें, आणि काय टाकलें?

कारखान्याच्या रीतीमागोमाग रूपही आलें. १९३४ सालीं अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून गोलसर अंगाची ‘एअरफ्लो’ मोटार काढली. खुद्द अमेरिकेंत ती फारशी खपली नाहीं. परंतु युरोपांत तिचें बीज रुजलें. दुसऱ्याच वर्षीं फियाटची १५०० आणि फ्रान्समधील प्यूजोची ४०२ या मोटारी त्याच वळणाच्या निघाल्या. प्यूजोनें तर दिवेही समोरच्या जाळीआड बसविले. दुसऱ्या महायुद्धानंतर ओघ वाढला. मडगार्ड सुटे न ठेवतां सबंध अंगांत मिसळून टाकण्याची पद्धत अमेरिकेंत रूढ झाली, आणि १९५० सालीं फियाटनें १४०० ही मोटार त्या धर्तीवर काढली. वेगळा सांगाडा नसलेली ही फियाटची पहिलीच मोटार. तिचें रूपच तेवढें अमेरिकन नव्हतें. मार्शल योजनेखालीं त्या काळांत फियाटच्या कारखान्यांत अमेरिकन यंत्रेंही आलीं होतीं.

तथापि देश बदलला म्हणजे माप बदलतें. १९५९ सालची कॅडिलॅक सुमारें पावणेसहा मीटर लांब व ६.४ लिटर इंजिनाची होती. १९५३ सालीं निघालेली फियाट ११०० चार मीटरांहूनही आंखूड, आणि तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें! इटलींत पेट्रोल महाग, जुन्या वस्त्यांतील गल्ल्या अरुंद, आणि गिऱ्हाईक मध्यम स्थितींतील कुटुंबवत्सल मनुष्य. तेव्हां तुरीनच्या कारागिरांनीं अमेरिकन अंगाची सलग घडण घेतली, लांबी-रुंदी घेतली नाहीं.

जेथें हें माप सुटलें तेथें हंसें झालें. १९४८ सालच्या कॅडिलॅकच्या मागील बाजूस लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले दोन लहान उंचवटे होते. त्या पंखांचें वेड दहा वर्षांत साऱ्या युरोपांत पसरलें. जर्मनींतील गंभीर मर्सिडीजलाही १९५९ सालीं पंख फुटले. मोटार मागें घेतांना टोंक दिसावें म्हणून ते आहेत, असें त्यांचें समर्थन करण्यांत आलें! इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल आणि जर्मनींतील ओपेल या तर त्या काळीं अमेरिकन मालकीच्याच कंपन्या. त्यांच्या १९५७ सालच्या मोटारींस दोहों बाजूंस वळलेली समोरची कांच आली. तिच्यापायीं दारालगतचा खांब असा वांकवावा लागे कीं चढतां-उतरतां गुडघ्यास प्रसाद मिळावा. पुढील दशक अर्धें सरलें नाहीं तोंच पंख व वळलेल्या कांचा या दोहोंची हौस ओसरली.

उलट दिशेची कथा अधिक मनोरंजक आहे. तुरीनच्या पिनिन फारिना यांनीं घडविलेली ‘चिसितालिया’ ही ठेंगणी, निराभरण मोटार न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें १९५१ सालीं आठ निवडक मोटारींच्या प्रदर्शनांत मांडली. तिच्या पोटांत इंजिन होतें तें साध्या फियाट ११०० चें. १९५२ सालीं अमेरिकेच्या नॅश कंपनीनें आपल्या मोटारींवर पिनिन फारिना यांचें नांव अभिमानानें मिरविलें. क्रायस्लरचे रचनाकार व्हर्जिल एक्सनर आपले नवे नमुने तुरीनच्या गिया कारखान्यांत घडवून घेऊं लागले. धनको ऋणकोच्या दारीं आला तो असा!

आतां लेकीच्या सासरची हकीकत. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत आरंभीं क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. पुढें तेथें फियाट आली. तीच ११०० कालांतरानें ‘पद्मिनी’ झाली. तिच्या मागील कोपऱ्यांवरचे ते इवलेसे पंख वाचकांस आठवतील. डेट्रॉईटहून तुरीनला आणि तुरीनहून कुर्ल्यास आलेली ती अमेरिकेची खूण. तुरीनमध्यें ११०० चें उत्पादन १९६९ सालीं थांबलें. कुर्ल्यास मात्र पद्मिनी शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ त्याच रूपांत निघत राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतून तिनें निरोप घेतला. परवान्यांचे व आयातीचे निर्बंध कडक होते, स्पर्धा नव्हती, हें सर्व खरें. तरी आम्हीं तिला मायेनें वागविलें, दुरुस्त करून करून जगविलें, आणि तिच्यांत आपली भर मात्र फारशी घातली नाहीं, हें त्या संग्रहालयांत उभे असतां मनास लागल्यावांचून राहिलें नाहीं.

घरांत नवी वस्तु यावयाची म्हणजे आमच्या घरचीं वडील माणसें तीन प्रश्न विचारीत : ती आपल्या दारांतून आंत येईल काय, तिचा खर्च झेपेल काय, आणि ती सर्वांच्या उपयोगीं पडेल काय? तुरीनच्या कारागिरांनींही अमेरिकेच्या बाबतींत हेच प्रश्न विचारले. शिवाय एक चौथा विचारला, कीं हींत आपल्या हातचें काय घालतां येईल? त्या चौथ्या प्रश्नाच्या बळावर एक लहान शहर बलाढ्य राष्ट्राचें शिष्य असतांच त्याचें गुरुही झालें. उसनवारी कोणत्याच घराला चुकलेली नाहीं. पहिले तीन प्रश्न आम्हांस वडिलांनीं शिकविले, चौथा मुलांस शिकविण्याचें काम आमचें आहे.