नवतपा आणि गच्ची

नागपुरात 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि त्याच दिवसांत सूर्य शहराच्या बरोबर डोक्यावर येतो. पारा 45च्या पुढे. सोलरला याहून चांगले दिवस कुठले, असं वाटतं. पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याची क्षमता मोजतात ती 25 अंशांना. त्यावर दर अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. मेच्या दुपारी पॅनल सहज 65 अंशांपर्यंत तापतं. म्हणजे 12 ते 16 टक्के तिथेच गेले. म्हणून ते स्लॅबला चिकटवू नये, खालून वारा खेळू द्यावा. उंच सांगाडा केला की खाली वावरायला जागाही शिल्लक राहते, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीला सावली मिळते ती वेगळीच.

तरी हिशेब फायद्याचाच. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा, दिवसाला सरासरी चार युनिट. जुलै-ऑगस्टात बरंच कमी. फेब्रुवारी 2024च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे.

कुलर आणि सूर्य एकाच वेळी कामाला लागतात. एसी मात्र रात्रीचा. नेट मीटरमुळे दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला जाऊन बिलात वळती होते, पण रात्रीचा एसी चालतो तो बहुतेक कोळशावरच. तो कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळतो, आणि राख तिथल्या गावांच्या वाट्याला येते. आपलं बिल कमी झालं म्हणून हे विसरू नये.

लाईन गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. हे विकणाऱ्यानं आधीच सांगायला हवं.

धूळ. पॅनल पहाटे धुवावं. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात.

शहरात ऊन सगळ्यांना सारखं, गच्ची नाही. भाडेकरूला तर विचारतही नाहीत. फ्लॅटवाल्यांसाठी वाट आहे: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं. बैठकीत हा विषय कुणीतरी लावून धरायला हवा.

सावलीतही बरीच वीज जाते. एका पॅनलवर टाकीची सावली पडली तरी त्याच्यासोबत जोडलेल्या ओळीला फटका बसू शकतो. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनलही दक्षिणेकडे कललेलं. मग घराचा नकाशा काढतानाच टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला घ्यावी. मंजुरी देणाऱ्यांनीही हे बघावं. स्लॅब पडल्यावर टाकी हलवत कुणी बसत नाही.