चारच्या आतील सूर्यास्त

सोलापूरच्या मंगळवार पेठेतील व्यापारी घराण्यातला मुलगा शिक्षणार्थ लेस्टरला गेला. डिसेंबरातील एका रविवारी तो मित्रांसमवेत शहर पाहावयास निघाला. ज्याचा सांगाडा २०१२ मध्ये वाहनतळाखाली सापडला, त्या तिसऱ्या रिचर्ड राजाची कबर पाहता पाहता तीन वाजले. तेथे हिवाळ्यात सूर्य चारच्या आतच मावळतो! (उन्हाळ्यात नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा नियम पाळणे सोपे.) रात्रिभोजनत्यागाचे सांगावे, तर सोबत्यांचा विरस होणार, म्हणून तो घुटमळत राहिला. अखेर बोलला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या जिनमंदिरी दर्शन घेऊन सर्वांनी बाहेर उभ्यानेच आईने दिलेली कडक भाकरी व लसणाविना केलेली शेंगाचटणी खाल्ली. पुढच्या रविवारी मित्रांनीच विचारले, "आज सूर्यास्त किती वाजता?"