पावासाठी गहू पेरायचा तर

चि. छकुलीस,


बेकरीच्या पावासाठी यंदा मामाच्या शेतातला गहू हवा, खपली पेराल का, नाहीतर बन्सी, असं तू विचारलंस. वाचून फार बरं वाटलं. पण पावासाठी यातलं एकही पेरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाव फुगतो तो ग्लुटेनच्या जोरावर. आंबवणातून सुटणारा वायू कणकेने धरून ठेवायचा, तर ती ताणली गेली पाहिजे आणि ताणल्यावर मागेही ओढली गेली पाहिजे. बन्सीचा दाणा कठीण, चकचकीत, प्रथिनंही भरपूर. पण सरबती गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात. बन्सी आणि खपलीत दोनच. कणकेला ओढ देणारी मोठी प्रथिनं त्या तिसऱ्या संचातून येतात. म्हणून बन्सीचा रवा नि शेवया उत्तम, खपलीची खीर उत्तम, पाव मात्र बसका होतो. तुला सरबतीच लागणार.

सरबतीतही वाण पाहूनच घ्यावा लागतो. आपल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा फुले सात्विक बिस्किटांसाठी नावाजलेला आहे. बिस्किटाला मऊ दाणा आणि नरम कणीक हवी, पावाला नेमकं उलट. पोळीचा गहू या दोहोंच्या मधला. माझा कल पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ६४७८ कडे आहे. साधारण ११० दिवसांत येतो, तांबेऱ्याला दाद देत नाही, प्रथिनं १४ टक्क्यांच्या घरात, आणि पोळी-पाव दोन्हींना चांगला म्हणून संस्थेनेच तो पुढे आणला. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी तो पेरून चांगलं पीक घेतलंय. शेजारच्या वाफ्यात आपला त्र्यंबक वाण पेरेन, म्हणजे एकाच मातीतले दोन गहू तुला ताडून पाहता येतील.

पावाच्या गव्हाची गोष्ट निघाली की मला कॅनडाचे चार्ल्स साँडर्स आठवतात. तिकडच्या प्रेअरीत वसंतात पेरायचा आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत कापायचा गहू. तिथला रेड फाइफ पावाला अव्वल, पण उशिरा पिके आणि हिमात सापडे. म्हणून १८९२ मध्ये त्याचा संकर हार्ड रेड कलकत्ता या लवकर पिकणाऱ्या गव्हाशी केला गेला. हा कलकत्ता आपल्या हिंदुस्थानातून गेलेला! पुढे साँडर्स यांनी त्या संकराच्या एकेका रोपाचे दाणे तोंडात चावून पाहिले. चावून चावून जो चिकट गोळा उरतो, त्याच्या चिवटपणावरून त्यांनी पावाची पत ओळखली. १९०४ मध्ये असा हाती लागलेला मार्क्विस पुढे कॅनडाच्या शेतांवर पसरला. आपला नोव्हेंबरातला गहूही जातीने त्याच वसंती गव्हाचा. ओंबी धरायला त्याला महिनोन्‌महिने गोठवणारी थंडी लागत नाही. फुटव्यांसाठी मात्र निफाडची थंडी हवीच.

वाण चांगला म्हणजे काम झालं असं नाही. बागायती गव्हाची पेरणी १ ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान, वाफसा पाहून. उशीर झाला की दाणा भरायच्या वेळी ऊन गाठतं. पारा पस्तिशीच्या वर गेला की दाणा बारीक राहतो आणि कणीक ढिली पडते. सोयाबीन वेळेत निघेल तेच रान तुझ्यासाठी ठेवलंय. एकरी ४० किलो बियाणं पाभरीने, ५-६ सेंटिमीटरच्या खाली नाही. पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, ते चुकवायचं नाही. मग कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा चिकावर असताना. शेवटच्या पाण्याचा भरवसा कालव्याच्या आवर्तनावर.

पावासाठी जास्त लक्ष लागतं ते नत्राकडे. अर्धं नत्र पेरताना, अर्धं पहिल्या पाण्याच्या वेळी, हा नेहमीचा हिशेब. नत्र कमी पडलं की दाण्यावर पिठूळ पांढरे डाग दिसतात. तो दाणा फोडून पाहा, आत काचेसारखा न दिसता खडूसारखा दिसतो. अशा दाण्यात प्रथिनं कमी. म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास दोन टक्के युरियाची एक फवारणी देणार आहे. त्याने उतारा फारसा वाढत नाही, प्रथिनं वाढतात.

मळणीनंतर दोन्ही वाणांची पोती वेगळी ठेवीन. तू घरीच परीक्षा कर. १०० ग्रॅम चाळलेलं पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेव, मग पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धू. पांढरं पाणी निघून गेलं की हातात पिवळसर, रबरासारखा गोळा उरेल. तो वजन कर. २८-३० ग्रॅम भरला तर पाव उठेल. पण वजनावर थांबू नकोस, गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ओढ. पातळ पडदा होईपर्यंत न तुटता आला तर गहू तुझा. लगेच तुटला किंवा नुसता लोंबत राहिला तर तो पोळीला वापर.

आता व्यवहाराचं. बाजारात गव्हाला भाव मिळतो रंगावर आणि टपोरेपणावर. ग्लुटेन कोणी विचारत नाही. त्यामुळे इथे कोणी मुद्दाम पावाचा गहू पिकवत नाही, आणि तुझ्यासारख्या बेकरीवाल्यांना तो मिळत नाही. ही कोंडी फोडायची तर शब्द आधी द्यावा लागतो. तुझ्या ओळखीचे आणखी दोन-तीन बेकरीवाले असतील त्यांच्याशी बोल. कोणाला किती क्विंटल हवा आणि कोणत्या दराने, ते दसऱ्याच्या आत कळव. पैदासकार संस्थेचं बियाणं तेव्हाच सांगून ठेवावं लागतं, आणि कांद्याला किती रान सोडायचं तेही मला तेव्हाच ठरवायचं आहे.

तुझा,
मामा