रांगोळीचा हात

आई गेली आणि ठिपके मोजण्याची माझी हौसही तिच्याबरोबर गेली. चार दिवाळ्या मुलींनी बाजारच्या छाप्यांवर भागवल्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात 'ह्यां'नी आग्रह करून काळ्या घोड्याजवळ वारली चित्रांच्या प्रदर्शनाला नेले. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. भाताची खाचरे, मुंग्यांची रांग, तारपेवाल्याभोवती धरलेला फेर. कुंचला म्हणजे बांबूची टोक चावलेली काडी! माझे पाय खिळले ते जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रापाशी. कोळ्याने टाकलेले जाळे, केसासारख्या रेघांचे, फुगून सारे चित्र व्यापणारे.

म्हसे यांना पद्मश्री मिळाली २०११ साली, म्हणजे सत्तरी उलटल्यावर! पण मला चटका लावून गेली ती त्यांच्या लहानपणची हकीकत. आई गेली तेव्हा पोराची वाचाच बसली म्हणतात. बोलायचे ते धुळीत चित्रे काढून. माझी तर रेघच थांबली होती.

वसुबारसेला दारापुढची दोन हात फरशी गेरूने रंगवली, वाटीभर तांदळाचे पीठ कालवले. ठिपके मांडले नाहीत. उंबरठ्यापासून मुंग्यांची रांग सोडली. धाकटी छापा घेऊन आली, क्षणभर पाहत राहिली नि पिठाची वाटी पुढे ओढून शेजारी बसली.