आईला टेबलावर बसवायचं, पण कुठल्या?

रत्नागिरीत ‘आज बाहेर जेवू या’ असं म्हणून तर बघा! घरातून पहिला प्रश्न येतो, ‘का? घरी काय कमी आहे?’ आणि खरं सांगायचं तर काहीच कमी नसतं. मिरकरवाडा बंदरावरचा सकाळचा बांगडा दुपारी तव्यावर, आगळ बाटलीत, नारळ दारातला. याच्याशी कुठलं हॉटेल टक्कर देणार? त्यामुळे पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी गावी जाऊन आईबाबांना ‘ट्रीट’ द्यायची म्हटलं, की चॉइस भलताच कठीण होतो.

आईबाबांच्या लग्नाला 35 वर्षं झाली, तेव्हा माझा फंडा एकच होता. आईने बसून, गरम खायचं. तळलेला मासा ती सगळ्यांची पानं झाल्यावर खाते, तोही गार आणि शेपटीकडचा. म्हणजे घरच्यापेक्षा भारी चव शोधायचीच नव्हती.

पहिली चाळणी कॅलेंडरची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद. त्या दिवसांत मेन्यूकार्डावर पापलेट झळकत असेल, तर ते बर्फातलं असायची शक्यताच जास्त. मग श्रावण. वर सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी आहेतच. आमची तारीख मे महिन्यातल्या शुक्रवारी आली होती, म्हणजे लॉटरीच! पण मे म्हणजे चाकरमानी आणि टुरिस्ट दोन्ही. समुद्र दिसणाऱ्या जागेत टेबल मिळायची मारामार, आणि मिळालं तरी पुढ्यात तेच पनीर टिक्का आणि हक्का नूडल्स. हे खायला आईला घराबाहेर काढायचं? दुसरा पर्याय होता मंद दिव्यांची ‘फॅमिली रूम’. तिथे काटा दिसणार कसा?

उरली घराजवळची खानावळ. सहा टेबलं, स्टीलची ताटं. भाऊ वैतागला, ‘अरे, तिथून तर आपण डबा आणतो!’ मी तरी दोन दिवस आधी जाऊन बसलो. आपली टेस्ट साधी आहे. ‘आज ताजं काय?’ असं विचारायचं. ‘सगळं आहे’ असं उत्तर आलं तर पाणी पिऊन निघायचं. इथल्या मावशी म्हणाल्या, ‘सुरमई नाही रे आज, सौंदाळे घे.’ दुसरी टेस्ट सोलकढीची. खरी सोलकढी फिकट गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की नारळाचं दूध वर येतं. गडद गुलाबी दिसली तर समजा, बीट किंवा रंग कामाला लागलाय. मावशी पास!

खरा पेच आत्याचा होता. ती मासे खात नाही आणि माशाच्या तव्यावरचं काही तिला चालत नाही. तिला घरी ठेवून पार्टी? शक्यच नाही. एका टेबलावर कोण कोणाबरोबर बसणार, हा प्रश्न या गावाला नवा नाही म्हणा. 1931 साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सगळ्या हिंदूंना खुलं झालं. सहभोजनंही व्हायची. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांनी 1933 मध्ये इथे अखिल हिंदू उपाहारगृह काढलं. कुठल्याही जातीच्या हिंदूने यावं आणि शेजारी बसून चहा घ्यावा. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट असेल! त्यापुढे आमचा पेच म्हणजे नुसता तव्याचा. मावशींनी तो एका वाक्यात सोडवला, ‘शाकाहारीचा तवा, पळी, तेल सगळं वेगळं. आत येऊन बघा.’ आत्या खरंच आत गेली आणि बाहेर येऊन ‘बरं’ म्हणाली. आत्याचं ‘बरं’ म्हणजे फाइव्ह स्टार!

एक टिप. जेवायची वेळ आधी सांगून ठेवा आणि मासा तुम्ही बसल्यावरच तळायला सांगा. आमच्याकडे पहिली तुकडी आईच्या ताटात पडली. ती सवयीने बाबांकडे सरकवणार, तेवढ्यात मावशीच ओरडल्या, ‘त्यांचीपण येतेय, तुम्ही खावा!’

आत्याने काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा घेतली. मांडवीवर फेरी मारायची ठरली होती, पण निघायला उशीर झाला. आई आत स्वयंपाकघरात होती. बांगड्याच्या आमटीत तिरफळं नेमकी कधी घातली, यावर तिचं आणि मावशींचं एकमत होत नव्हतं.