टायरवर काय लिहिलंय ते वाचा

धाराशिवात माउंटन बाइक घ्यायला येणारी मुलं मला गिअर विचारतात, डिस्क ब्रेक विचारतात. टायरचं नाव क्वचितच निघतं. मी इतकी वर्षं टायर चढवतोय-उतरवतोय, म्हणून आग्रहाने सांगतो: बालाघाटच्या माळावर सायकल चालवत न्यायची की ढकलत, ते टायरच ठरवतो.

आधी माप. इंचाचा आकडा फसवतो. शेतकऱ्याच्या काळ्या सायकलचा टायर २८ × १½ आणि माउंटन बाइकचा २९ चा. कुणालाही २९ मोठा वाटेल. पण टायर रिमवर बसतो तिथला व्यास काळ्या सायकलचा ६३५ मिलिमीटर, २९ चा ६२२. लेडीज सायकलचा २६ × १⅜ आणि माउंटन बाइकचा २६ × १.९५ हे दोन्ही '२६'च म्हणवतात, पण पहिला ५९० चा, दुसरा ५५९ चा. एकाच्या रिमवर दुसरा बसणार नाही. म्हणून टायरच्या बाजूला ५७-६२२ असा जोडआकडा शोधा. आधी रुंदी, मग व्यास. व्यास तंतोतंत जुळायलाच हवा.

टीपीआय म्हणजे आतल्या कापडात इंचाला किती धागे. १२० चा टायर हलका, लवचीक. ३० किंवा ६० चा जाड. जाहिरात १२० ची होते. आपल्याकडे मात्र पाऊस सरला की बांधावरचा सराटा वाळतो, आणि वेडी बाभूळ तर बाराही महिने आहेच. येडशी-रामलिंगच्या बाजूला फिरणाऱ्याला मी ६० चाच देतो.

काट्यांवर खरा उपाय ट्यूबलेस. ट्यूब काढून आत सीलंट ओततात. भोक पडलं की हवेबरोबर ते पातळ रबर तिथे धावतं आणि गोठून बसतं. त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे हवेत. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी आत बघा.

हवेबाबत सगळ्यात जास्त गैरसमज. टायरवर छापलेला पीएसआय ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. दगडासारखा टणक टायर मुरमावर उड्या मारतो आणि वळणावर घसरतो. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेसमध्ये पंचवीसच्या आसपास पुरतात. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आदळताना रिम ट्यूबला चिमटा घेते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

नक्षीतले उंचवटे दूर दूर असले तर चिखल झडतो. पण भिजलेल्या काळ्या रानात कुठलाच टायर चालत नाही. चाक फ्रेममध्ये अडकतं. त्या दिवशी सायकल बाहेर काढू नका.

आणि दोन्ही टायरांपुरते पैसे नसतील, तर चांगल्या पकडीचा टायर पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस पडतोच.