न शिवलेली जखम

शस्त्रक्रिया शिकणाऱ्याच्या हाताला जखम शिवून टाकण्याची ओढ लवकर लागते आणि शहरातल्या सुसज्ज शस्त्रक्रियागृहात ती बहुधा योग्यही असते. युद्धातील जखमींच्या बाबतीत मात्र तीच ओढ जिवावर बेतते. गोळी शरीरातून जाताना आपल्या वाटेच्या आजूबाजूचे स्नायूही क्षणभर ताणून निकामी करते, तर जमिनीत पुरलेला सुरुंग माती, चपलेचे तुकडे आणि हाडांच्या कपच्या स्नायूंच्या थरांमधून वर ढकलतो, त्यामुळे इजा दिसते त्याहून बरीच वरपर्यंत पोहोचलेली असते. मेलेला स्नायू काढून टाकावा लागतो. तो ओळखायचा रंगावरून, घट्टपणावरून, कापल्यावर रक्त येते का आणि चिमट्यात धरल्यावर आकसतो का यावरून. ही पारख पुस्तकातून अर्धीच येते. त्यानंतर जखम जाड पट्टीखाली उघडीच ठेवून, ती स्वच्छ राहिली तर साधारण ४-५ दिवसांनी शिवतात, कारण घाईने बंद केलेल्या जखमेत प्राणवायूविना वाढणारे जंतू वायुकोथ, म्हणजे स्नायू झपाट्याने सडवणारा संसर्ग, निर्माण करू शकतात. (शांत शहरातून नव्याने आलेला तरबेज सर्जन इथे धोक्याचा ठरतो, तो यामुळेच.)

मिलानचे जिनो स्त्रादा (१९४८–२०२१) हृदय आणि फुप्फुस प्रत्यारोपणाचे, म्हणजे अतिशय नाजूक टाक्यांचे, शिक्षण घेऊन आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या कामात उतरले आणि १९९४ मध्ये पत्नी तेरेसा सार्ती यांच्यासह त्यांनी ‘इमर्जन्सी’ ही संस्था काढली, जिचे अफगाणिस्तानातील पहिले रुग्णालय १९९९ मध्ये पंजशीर खोऱ्यात सुरू झाले. अशा रुग्णालयात एकाच वेळी अनेक जखमी आले की आधी कोणाला घ्यायचे हे ठरवणारी वर्गवारी, म्हणजे ‘ट्रायाज’, करावी लागते. तीत वाचण्याची आशा नसलेल्याला वेदनाशामक देऊन बाजूला ठेवावे लागते, आणि आपला हात आवरण्याची याहून कठीण परीक्षा या व्यवसायात क्वचितच असेल.

त्याच स्त्रादांच्या संस्थेने २००७ मध्ये सुदानमध्ये खार्टूमजवळ मोफत हृदयशस्त्रक्रियेचे केंद्र उभारले, तेव्हा गरीब देशाला एवढी महागडी सेवा कशाला, हा प्रश्न अपेक्षितच होता. संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली कोवळ्या वयाची मुले तिथे येत होती, हे त्याचे पुरेसे उत्तर आहे. खरी अडचण पुढची असते: कृत्रिम यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि त्याची मात्रा ठरवण्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या गावापासून पोहोचता येईल अशा अंतरावर तपासणीची सोयही लागते.